शास्त्रज्ञबाईंचा बिनखिशाचा पोशाख

मास्तरीणबाईंच्या शिवणखोलीत भिंतीवर दोन खिळे होते. एका खिळ्याला अंतराळयानातल्या पुरुषांच्या पोशाखाचे, कापड बेतायचे कागद टांगलेले, दुसऱ्याला बायकांच्या. पुरुषांचा गठ्ठा चांगला जाडजूड. पाठ, पुढा, बाह्या, गुडघ्यावर लावायचे दुहेरी तुकडे, कॉलर, आणि नुसत्या खिशांचेच अकरा कागद. बायकांच्या खिळ्यावर चार कागद लोंबत, आणि तेही इतके अरुंद की नव्या माणसाला ते लहान मुलीच्या फ्रॉकचे वाटत.

दूरचित्रवाणीवरची ती मालिका तीनशे वर्षांनंतरच्या काळात घडत होती. माणूस शनीच्या पलीकडे पोचलेला, रोगराई संपलेली, म्हातारपण लांबणीवर पडलेलं. यानावर सात पुरुष आणि एक बाई. बाई शास्त्रज्ञ. पोशाखांची चित्रं काढणाऱ्या साहेबांच्या कानावर कायम पेन्सिल असायची म्हणून शिवणखोलीत त्यांचं नावच पेन्सिल पडलं होतं. त्यांनी पहिल्या दिवशी शास्त्रज्ञबाईंचं चित्र टेबलावर ठेवलं तेव्हा मास्तरीणबाईंनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिलं. चंदेरी, अंगाला चिकटलेलं, खांदे उघडे, आणि खाली टाचांचे बूट. मास्तरीणबाईंनी अगदी सरळ मनाने विचारलं की हिची उपकरणं कुठे ठेवायची.

"हातात धरेल," पेन्सिल म्हणाले.

"आणि दुसऱ्या हातात?"

"दुसरा हात कॅप्टनच्या खांद्यावर असतो."

ते थट्टेने म्हणाले असावेत असं मास्तरीणबाईंना वाटलं. पण पहिले पाच भाग पाहिल्यावर त्यांची खात्री पटली की माणूस अगदी गंभीरपणे बोलला होता. त्याच यानात कॅप्टनच्या कोटाला आतून कापसाचं अस्तर होतं, कारण अवकाशात म्हणे कडाक्याची थंडी असते. ती थंडी शास्त्रज्ञबाईंच्या खांद्यांना बरोबर वगळून जात होती.

मास्तरीणबाईंचे वडील आग विझवणाऱ्या जवानांचे कोट शिवत. कोट शिवून झाला की ते तो स्वतः अंगात घालत, दोन्ही हात वर करत, उकिडवे बसत आणि मग खोलीतल्या शिडीवर चढून खाली उतरत. शिडी चढता आली नाही तर कोट उसवायचा. मुलगी सहावीत असल्यापासून हे पाहत आली आणि पुढे तीस वर्षं तिनेही तेच केलं. लग्नाचं कुणी विचारलं की ती म्हणायची, शिडी चढून दाखवणारा आण. मग कोट मोठ्या कारखान्यात तयार मिळू लागले, काम आटलं, आणि मास्तरीणबाई पंचेचाळिसाव्या वर्षी या स्टुडिओत आल्या. हात त्यांचा असा की कापड अंगावर रंग दिल्यासारखं बसायचं. पेन्सिल चारचौघांत त्यांचं कौतुक करायचे आणि, खरं सांगायचं तर, त्यांना ते आवडायचं.

घरी म्हातारी आई होती. सगळा जन्म हॉस्पिटलात, शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स म्हणून काढलेली. आता वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, पण डोळे आणि जीभ शाबूत. रोज संध्याकाळी सातला ती मालिका लावून बसायची आणि शेवटपर्यंत नाक मुरडायची. बंद मात्र करायची नाही. ही बाई शास्त्रज्ञ म्हणवते, पण सत्तावीस भागांत हिने काय शोधलं, असं ती विचारायची. दर भागात एकदा ही काचेतून बाहेर बघते, "हे काय आहे, कॅप्टन?" म्हणते, आणि मग तो हिचंच शास्त्र हिला समजावून सांगतो. मध्यंतरी एका ग्रहाची राणी आली होती. तीन हजार वर्षं राज्य केलेली, तीन सैन्यं हरवलेली. ती कॅप्टनला बघून दहा मिनिटांत पाघळली आणि त्याच्यासाठी मेली. आई त्या दिवशी जेवताना पुटपुटत होती, की एवढं राज्य केलं ते डोळे मिटून केलं की काय.

मास्तरीणबाई हसायच्या. हसून सोडून देणं सोपं होतं. पण एका संध्याकाळी आई टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली, चष्मा वर-खाली करून पाहू लागली, आणि तिचा आवाज बदलला.

"हिचं पोट हलत नाहीये," ती म्हणाली. "नुसती वरवर श्वास घेतेय, गळ्यापाशी. आणि ओठ बघ. सकाळपासून या पोरीने पाण्याचा थेंब घेतलेला नाही."

मास्तरीणबाई चहाच्या कपबश्या गोळा करू लागल्या.

"कोण शिवतं हे?" आईने विचारलं.

तिला ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांना ती मोठ्या तोऱ्यात सांगत आली होती. तरी तिने विचारलं, आणि मास्तरीणबाई उठून भांडी घासायला गेल्या.

आईचं निदान खरं होतं. पोशाखाला चेन नव्हती. चेन लावली की दिव्याच्या उजेडात पाठीवर रेघ दिसते, आणि पेन्सिलना रेघ नको होती. त्यामुळे रोज सकाळी आठला ती मुलगी शिवणखोलीत उभी राहायची, पोशाखात पाय घालायची, श्वास आत ओढून धरायची, आणि मास्तरीणबाई कमरेपासून मानेपर्यंत तिची पाठ हाताने शिवत. संध्याकाळी सहाला तोच दोरा उसवून तिला बाहेर काढत. दिवसभरात स्वच्छतागृहात जाण्याची सोय नाही, म्हणून ती आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडायची. ओठ सुकले की ओला कापूस लावायची. कुठल्याही कपड्याला शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, पुढेमागे सैल करायला. शिंपी त्याला माया म्हणतात. पेन्सिलनी तीही छाटायला लावली, कारण तीही उजेडात दिसते म्हणे.

सगळे तिला शास्त्रज्ञबाईच म्हणत. वय पंचवीसच्या आतबाहेर. गंमत म्हणजे ती खरोखरच रसायनशास्त्र शिकलेली होती. मालिकेत तिच्या तोंडी घातलेलं शास्त्र किती चुकीचं आहे हे ती शिवून घेता घेता सांगायची. एकदा तिने लेखकाला विनंती केली होती की मला एका भागात एक तरी गोष्ट आधी कळू द्या. त्याने तिच्या गालाला हात लावून सांगितलं, की प्रेक्षकांना हुशार बाई चालते, पण कॅप्टनच्या नंतर. हे ऐकून मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी हातातली सुई थांबली नाही. टाके नेहमीसारखेच एकसारखे पडले.

तिसाव्या भागात शास्त्रज्ञबाईंना पळायचं होतं. टाचांच्या बुटांत त्या चार पावलं पळाल्या आणि पाठीची शिवण टरकन उसवली. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर मास्तरीणबाईंना बोलावून विचारलं, की तुम्हाला शिवता येतं की नुसती टेप गळ्यात घालून हिंडता. कॅप्टन हसला. दिवे धरणारे हसले. कुणी असं म्हटलं नाही की या पोशाखात पळायला लावणाराच वेडा आहे.

मास्तरीणबाईंनी शब्द गिळले, पण अपमान काही गिळवेना. दुसऱ्या दिवशी घरून येताना त्यांनी वडिलांच्या पेटीतलं नायलॉन दोऱ्याचं रीळ आणलं. आगीच्या कोटांचा दोरा. दोन धडधाकट माणसांनी दोन टोकांनी ओढला तरी तुटत नसे. बघू आता कशी उसवते, असं मनाशी म्हणत त्यांनी त्या दोऱ्याने शास्त्रज्ञबाईंची पाठ शिवली. एवढी चूक कुणा नवशिक्याच्या हातून झाली नसती. त्यासाठी तीस वर्षांचा हात आणि दुखावलेला मान दोन्ही लागतात.

दहाव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, मास्तरीणबाई दुसऱ्या मजल्यावर जेवायला बसल्या होत्या. खाली धुराच्या दृश्याचं चित्रण चाललं होतं. कुणीतरी जिन्यातून त्यांच्या नावाने हाका मारत आलं. त्या गळ्यातली कात्री सावरत खाली धावल्या तेव्हा शास्त्रज्ञबाई जमिनीवर पालथ्या पडल्या होत्या, ओठ निळे, आणि तीन पुरुष त्यांच्या पाठीवर वाकून शिवण फाडायला बघत होते. नखं लावून, दातांनी, एकाने तर गुडघा टेकवून. शिवण जागची हलली नव्हती. चार मिनिटं ते असेच झगडत होते. मास्तरीणबाईंनी त्यांना ढकललं आणि मानेपासून कमरेपर्यंत एका दमात कापत नेलं. पोरीने श्वास घेतला तो आवाज त्या पुढे कितीतरी दिवस विसरल्या नाहीत. तिच्या पाठीवर शिवणीची लाल रेघ उमटली होती, टाका न् टाका मोजता यावा अशी.

दिग्दर्शक पहिलं वाक्य बोलला ते असं, की कापड परदेशातून आलंय, जरा कडेने कापायचं.

पोरगी आठवडाभर दवाखान्यात होती. पाणी न पिऊन मूत्रपिंडांना सूज आली होती. मास्तरीणबाई एकदा भेटायला गेल्या आणि दोरा आपण बदलला हे तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुम्ही कापलंत ना पण." मास्तरीणबाईंनी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि घरी आल्या.

पुढल्या आठवड्यात सातला आईने टीव्ही लावला. यानात विषारी धूर शिरला. शास्त्रज्ञबाई काचेपाशी गेल्या, "हे काय आहे, कॅप्टन?" म्हणाल्या आणि कोसळल्या. ते नाटक नव्हतं. त्या दुपारी कॅमेरा चालूच राहिला होता. तो चालू होता हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तो बंद केला नव्हता. तीन माणसं तिच्या पाठीवर झगडतानाचं सगळं त्यांनी ठेवलं होतं, वरून संगीत घातलं होतं. फक्त मास्तरीणबाई गाळल्या होत्या. पुढच्या क्षणाला नंतर चित्रित केलेला कॅप्टन दिसला, कुणातरी दुसऱ्याच मुलीला उचलून, चेहरा न दाखवता, धुरातून बाहेर नेणारा.

आई म्हणाली, "मेलेलं माणूससुद्धा आम्ही आधी चादरीने झाकायचो."

मास्तरीणबाईंना शिसारी आली, अगदी अंगाला काहीतरी चिकट लागावं तशी. त्या मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आल्या, तरी जाईना. त्या माणसांची किळस होती, पण तेवढीच असती तर बरं झालं असतं. पडद्यावर तुटत नव्हता तो दोरा त्यांचा होता.

दोन दिवसांनी पेन्सिल स्वतः शिवणखोलीत आले, आनंदात. तो भाग लोकांना भलताच आवडला होता. आता दर दोन भागांआड शास्त्रज्ञबाई संकटात सापडणार, आणि कॅप्टन त्यांचा पोशाख फाडून त्यांना वाचवणार. नवे सहा पोशाख हवे होते.

"फक्त या वेळी दोरा कच्चा घाला, बाई," ते म्हणाले. "छान फाटायला हवा. एका झटक्यात, गळ्यापासून."

मास्तरीणबाईंनी विचारलं, की पोरगी तयार आहे का. पेन्सिल म्हणाले, तिला विचारायचं काय त्यात, तिचा करार आहे. आणि ती नसेल तर दुसरी येईल, माप तेच राहील.

पोरगी तयार होती. मापाला आली तेव्हा दोन किलोंनी वाळलेली. तिने स्वतःच सांगितलं, की घरी बसले तर कुणी दुसरं काम देणार नाही, आजारी म्हणून बोभाटा झालाय. मास्तरीणबाईंनी टेप कमरेला गुंडाळली तशी तिने सवयीने श्वास आत ओढला. मास्तरीणबाई टेप धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

"सोड."

"काय?"

"श्वास सोड. मी थांबलेय."

तिला ते पटकन जमेना. एकदोनदा अर्धाच सोडला. मग सगळा सोडला तेव्हा टेप दीड इंच सरकली, आणि मास्तरीणबाईंनी ते माप वहीत लिहिलं.

पहिला पोशाख त्यांनी चार दिवसांत शिवला. बाहेरून तंतोतंत तोच, चंदेरी, पेन्सिलच्या चित्राबरहुकूम. आतून मात्र प्रत्येक शिवणीला बोटभर माया ठेवली, गळ्याला आगीच्या कोटाची पट्टी लावली, आणि सगळी शिलाई नायलॉनच्या दुहेरी दोऱ्याने केली. डाव्या काखेखाली, घडीत लपवून, चेन बसवली. काखेपासून पार मांडीपर्यंत. आत एक खिसाही शिवला. चित्रणाच्या सकाळी त्यांनी पोरीला शिडीवर चढायला लावलं. शिडी त्यांनी मुद्दाम घरून आणली होती. ती चढली, वर बसली, आणि खाली बघून हसली. मास्तरीणबाईंनी तिचा हात धरून चेनच्या कडीवर ठेवला.

"हे कुणाला फाटणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या हाताने उघडेल. उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर दोघींचं काम जाईल, हे ध्यानात ठेव."

पोशाखाच्या आत पोरीने आपली साधी बिनपट्ट्यांची बंडी आणि सुती विजार घातली होती. आता दोन्ही मावत होत्या.

धूर सोडला. शास्त्रज्ञबाई पडल्या. कॅप्टनने दोन्ही मुठींत गळ्यापाशी कापड धरलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं. दिग्दर्शक ओरडला, पुन्हा धूर, पुन्हा पडा. दुसऱ्या वेळी कॅप्टनचं नख मोडलं. तिसऱ्या वेळी त्याने पाय टेकवून जोर लावला, लाल झाला, आणि धापा टाकत खाली बसला. दिवे धरणाऱ्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. त्या शांततेत शास्त्रज्ञबाई उठून बसल्या. त्यांनी काखेखाली हात घातला, चेन सरसर खाली ओढली आणि पोशाखातून बाहेर आल्या. त्याची नीट घडी घातली आणि ती कॅप्टनच्या मांडीवर ठेवली.

"यानात ऑक्सिजन कमी झालाय," त्या त्याला म्हणाल्या. "तीन भागांपूर्वीच कळलं होतं मला. कुणी विचारलं नाही."

हे अर्थातच कधी दाखवलं गेलं नाही. त्या वेळी मात्र कॅमेरा ताबडतोब बंद झाला. पोरीला त्याच दुपारी काढलं आणि मास्तरीणबाईंना संध्याकाळी. रखवालदाराने त्यांना शिवणखोलीत पाच मिनिटं दिली. त्यांनी कात्री घेतली, टेप घेतली, वडिलांचं रीळ घेतलं, आणि शिडी खांद्यावर टाकून चालत घरी आल्या.

महिन्याभराने पोरगी त्यांच्याकडे आली. एका शाळेत तिला प्रयोगशाळा सांभाळायचं काम लागलं होतं आणि तिला खिशांचा कोट शिवून हवा होता. मास्तरीणबाईंनी माप घेतलं, चहा टाकला. पोरीने आधी पाणी मागितलं, दोन पेले, आणि आईसमोर बसून सावकाश प्यायली. आई ते पिणं डोळे भरून बघत होती. सात वाजले होते. सवयीने आईचा हात रिमोटकडे गेला.

यान तेच होतं. काचेपाशी एक नवीच मुलगी उभी होती, चंदेरी, खांदे उघडे. "हे काय आहे, कॅप्टन?" ती म्हणाली. तिचं पोट हलत नव्हतं. आता ते तिघींनाही दिसत होतं.

"कोण शिवतं हे?" आईने विचारलं.

"मी नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना बरं वाटलं, पण ते क्षणभरच. मुलगी वळली तशी त्यांना कमरेपाशी तिरपी जाणारी शिवण दिसली. तशी शिवण दुसरं कुणी बेतत नाही. पाच मिनिटांत त्यांनी सगळं आठवणीने उचललं होतं, आणि दुसऱ्या खिळ्यावरचे, त्यांनीच बेतलेले बायकांचे चार कागद तिथेच राहिले होते.

"शिवत दुसरं कुणीतरी असेल," त्या म्हणाल्या. "कागद माझे आहेत."

आईने टीव्ही बंद केला. त्या मालिकेच्या मध्येच तिने तो बंद करण्याची ही पहिली वेळ होती.

"मग घेऊन ये," ती म्हणाली.

स्टुडिओ आठपर्यंत उघडा असे. मास्तरीणबाईंनी गॅस बंद केला आणि चपला शोधू लागल्या. पोरीने हातातला पेला खाली ठेवला आणि म्हणाली, मीही येते, रखवालदार मला ओळखतो.